बंगळूरचे बिनपाण्याचे बंदर

समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूर, नऊशे मीटर उंचीवरच्या शहरात बंदर असू शकते? असू शकते. ते कुठे असावे, हा प्रश्न मात्र चार शतकांपासून चालत आला आहे, आणि आजही तो सुटलेला नाही.

बंगळूरला जाणाऱ्या पाहुण्याची यादी ठरलेली असते. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, टिपूचा राजवाडा, जमल्यास नंदी हिल्स आणि परतताना म्हैसूर सिल्कची एखादी साडी. या यादीत 'बंदर' कुणी लिहीत नाही. का लिहावे? इथे ना समुद्र, ना खाडी, ना मोठी नदी. जे पाणी आहे ते तळ्यांचे.

तरीही चेन्नईकडे जाणाऱ्या लालबाग किंवा वृंदावन एक्स्प्रेसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर कृष्णराजपुरम मागे पडल्यावर नीट बाहेर बघावे. व्हाइटफील्ड स्थानकाच्या आसपास रुळांलगत निळे, तांबडे, करडे लोखंडी कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात. त्यांच्यावर जगभरातल्या जहाज कंपन्यांची नावे असतात. उंच यंत्रे हे कंटेनर काड्यापेटीसारखे उचलून मालगाडीच्या सपाट डब्यांवर ठेवत असतात. न्हावा-शेवाला गेलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की इथे धक्क्याला लागलेले जहाज नसते.

हे बंगळूरचे 'इनलँड कंटेनर डेपो', म्हणजे सुके बंदर.

पहिला मान बंगळूरचा

आपल्या देशात आंतरराष्ट्रीय मापाचा सागरी कंटेनर प्रथम हाताळला गेला तो १९७३ साली, कोचीनमध्ये. पण तो किनाऱ्यावरचा व्यवहार झाला. असा कंटेनर रेल्वेने देशाच्या अंतर्भागात नेण्याचा पहिला प्रयोग १९८१ साली झाला आणि त्यासाठी शहर निवडले गेले ते बंगळूर. भारतातला पहिला अंतर्गत कंटेनर डेपो इथे सुरू झाला. तेव्हा तो रेल्वेच चालवीत असे. १९८८ सालापर्यंत देशात असे सात डेपो झाले. त्याच वर्षी या कामासाठी 'कॉनकॉर' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९८९च्या नोव्हेंबरपासून तिने कारभार हाती घेतला.

सुक्या बंदराचा उपयोग काय? समजा, पीण्याच्या कारखान्यात शिवलेले दहा हजार शर्ट परदेशी जायचे आहेत. पूर्वी हा माल ट्रकने मद्रासला जाई, तिथे गोदामात उतरे, सीमाशुल्क खात्याचे अधिकारी खोकी उघडून बघत, मग कागदपत्रे, मग जहाज. एखाद्या कागदावर सही राहिली, तर कारखान्याच्या माणसाने रात्रीची गाडी पकडून मद्रास गाठायचे! सुक्या बंदराने हे सारे काम घराजवळ आणले. तपासणी बंगळुरात, शुल्काचा भरणा बंगळुरात, कंटेनरला सील बंगळुरात. एकदा सील लागले की सरकारी हिशेबात माल निघालाच. पुढचा साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास म्हणजे बंदराच्या फाटकापासून धक्क्यापर्यंतचे अंतर, एवढाच त्याचा अर्थ.

दोन बंदरे, सारखेच अंतर

आता नकाशा उघडा. बंगळूरच्या पूर्वेला चेन्नई, रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पश्चिमेला मंगळूर, तेही सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मंगळूरचे बंदर कर्नाटकाचे स्वतःचे. १९७४ साली त्याला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला आणि १९७५च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले. मग बंगळूरच्या कंटेनरांचा मोठा ओघ आपले बंदर सोडून शेजारच्या राज्यात का जातो?

उत्तर सह्याद्रीत आहे. चेन्नईकडची वाट पठारावरून हळूहळू उतरते. मंगळूरकडची वाट मात्र सकलेशपूरपर्यंत सुखाने जाते आणि मग एकदम कड्यावरून खाली झेपावते. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा रेल्वेचा घाट सुमारे पंचावन्न किलोमीटरचा. त्यात ५७ बोगदे. चढ असा, की पन्नास मीटर पुढे गेले की एक मीटर वर. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्यांना त्याचे रूप सांगायला नको. पावसाळ्यात हिरव्या दरीतून जाणारी ही गाडी प्रवाशांसाठी स्वर्गसुख आहे, पण कंटेनरला निसर्गसौंदर्याशी कर्तव्य नसते! जड मालगाडीला इथे जादा इंजिने लागतात. दरड कोसळली की सारेच ठप्प. २०१८च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीने हा मार्ग अनेक आठवडे बंद राहिला. २०२४च्या जुलैअखेर पुन्हा तेच झाले. शेजारचा शिराडी घाटाचा रस्ताही पावसाळ्यात भरवशाचा नाही.

जहाजाची वेळ मात्र दरडीसाठी थांबत नाही. त्यातून चेन्नईला कंटेनर जहाजांची ये-जा जास्त. एक जहाज चुकले तर दुसरे लवकर मिळते. मंगळूरला कॉफी आणि काजूचे कंटेनर चढतात, कारण कॉफीचे मळे घाटमाथ्यालाच आहेत. पण बंगळूरच्या कारखानदाराला आठवड्यातल्या किती जहाजांचा पर्याय आहे, हे किलोमीटरहून मोलाचे वाटते. बंदराची निवड करताना नकाशावरचे अंतर फसवे ठरते, ते असे.

शहाजीराजांच्या जहागिरीतली पेठ

खरे तर जागा निवडण्याची ही कला बंगळूरच्या जन्मापासूनची. १५३७ साली केंपेगौडाने हे शहर वसवले, तेव्हा दोन रस्ते आखले. पूर्व-पश्चिम चिक्कपेट आणि उत्तर-दक्षिण दोड्डपेट, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तो बाजाराचा चौक. भोवती मालागणिक पेठा. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची. कोणत्या दिशेच्या वेशीतून कोणता माल येणार आणि तो कुठे उतरणार, याचा विचार त्या काळीही झाला होता.

१६३८ साली बंगळूर आदिलशाहीकडे आले आणि जहागीर म्हणून शहाजीराजे भोसल्यांना मिळाले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे इथूनच पूर्वेकडे उतरले आणि तंजावरचे राजे झाले. मल्लेश्वरममधले काडू मल्लेश्वराचे देऊळ त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. मराठी पाहुण्याने ते जरूर पाहावे. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना देऊन टाकले. आज त्या रकमेत व्हाइटफील्डला गाडी उभी करण्याएवढी जागाही मिळणार नाही!

इंग्रजांच्या काळात आगगाडी आली तीही पूर्वेकडूनच. मद्रास रेल्वेच्या जोलारपेट जंक्शनपासून बंगळूर छावणीपर्यंतचा फाटा १८६४च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. म्हणजे बंगळूरला पहिली आगगाडी मिळाली तीच मुळी मद्रास बंदराशी जोडणारी. मंगळूरकडे घाटातून रेल्वे पोहोचायला त्यानंतर एक शतकाहून अधिक काळ जावा लागला. व्हाइटफील्ड या जुन्या मद्रास मार्गावर आहे. सुके बंदर तिथे का, याचे अर्धे उत्तर या रुळांत मिळते.

जागेची पत्रिका

उरलेले अर्धे उत्तर शोधायचे तर मुलगी पाहावी तशी जागा पाहावी लागते. दहा गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट जमीन. माल भरलेला एक कंटेनर तीस टनांपर्यंत जातो. असे कंटेनर चार-पाच थरांत रचायचे आणि त्यांच्यामधून अवजड यंत्रे फिरवायची, तर जमीन सपाट आणि टणक हवी. बंगळुरात हे वाटते तेवढे सोपे नाही. जुनी तळी आणि त्यांना जोडणारे 'राजकालुवे' नावाचे ओढे शहरभर पसरलेले आहेत. सपाट दिसते ती जागा कित्येकदा तळ्याचा तळ असतो. २०२२च्या सप्टेंबरमध्ये पूर्व बंगळुरातले बंगले आणि कचेऱ्या पाण्यात बुडाल्या, तेव्हा याचा धडा मिळाला.

दुसरी गोष्ट रूळ. संपूर्ण मालगाडी एका वेळी उभी राहील एवढी लांबी हवी. कंटेनरच्या गाडीला ४५ सपाट डबे असतात आणि त्यांवर वीस फुटी ९० कंटेनर मावतात. गाडी तोडून दोन तुकड्यांत भरायची झाली, की वेळही दुप्पट आणि खर्चही दुप्पट.

तिसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ती म्हणजे परतीचे भाडे. भरलेला कंटेनर चेन्नईला गेला, पण येताना रिकामा आला, तर त्या फेरीचा खर्च कुणाच्या माथी? म्हणून निर्यात करणारे आणि आयात करणारे असे दोन्ही कारखाने डेपोच्या टप्प्यात असावे लागतात. बंगळूर इथे नशीबवान. कपडे आणि ग्रॅनाइट जाते, यंत्रे आणि सुटे भाग येतात.

चौथी गोष्ट स्पर्धा. साडेतीनशे किलोमीटर हे रेल्वेच्या दृष्टीने अवघड अंतर. ट्रक संध्याकाळी कारखान्यातून निघतो आणि सकाळी चेन्नईच्या वेशीवर असतो. रेल्वेने जायचे तर आधी ट्रकने डेपोत, मग उचलून गाडीवर, पुन्हा बंदरात उतरवणे. प्रत्येक उचल पैसे खाते. म्हणून ग्रॅनाइटसारखा जड माल रेल्वेला परवडतो आणि घाईचे कपडे बहुधा रस्त्याने जातात.

या घाईमागे माणसे आहेत. बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. जहाजाची वेळ चुकली तर तेच शर्ट विमानाने पाठवावे लागतात. विमानाचे भाडे जहाजाच्या कैकपट, आणि ते बहुधा कारखानदाराच्या खिशातून जाते. मग पुढच्या मागणीच्या वेळी शिलाईयंत्रावर बसलेल्या बाईला जादा वेळ थांबावे लागते. सुके बंदर चार तासांऐवजी दोन तासांवर असणे, याचा अर्थ तिच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक कधी होणार, असाही असतो.

चपट्या कांद्याची गोष्ट

नाशिककरांनी ऐकावी अशी ही गोष्ट. बंगळूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला चिक्कबळ्ळापूर, कोलार भागात एक लहानसा, चपट्या बुडाचा, गडद गुलाबी कांदा होतो. नाव 'बेंगलोर रोज'. चवीला झणझणीत. गंमत म्हणजे बंगळूरच्या स्वयंपाकघरात त्याला फारसे स्थान नाही. तो पिकतो तो मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशियाच्या लोकांसाठी. २०१५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

२०१९च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिकचा शेतकरी हळहळला, पण त्याला निदान देशातली बाजारपेठ होती. रोज कांद्याला तीही नाही. शेतकऱ्यांनी ओरड केली आणि ऑक्टोबरअखेर सरकारने नऊ हजार टनांची सवलत दिली. तिच्यात एक अट होती. हा कांदा फक्त चेन्नई बंदरातूनच जाईल. २०२० साली पुन्हा बंदी आली, पुन्हा दहा हजार टनांची सवलत आली आणि पुन्हा चेन्नईचीच अट.

कोलारच्या शेतात बसलेल्या माणसाच्या पिकाचे भवितव्य अशा रीतीने एका दूरच्या बंदराला बांधलेले आहे. ते बंदर तुंबले, वाटेत ट्रक अडकला, तर कांदा वाट पाहत नाही. त्याला कोंब फुटतात.

बंदराला शहराने गिळले

आता पुन्हा व्हाइटफील्ड. १८८२ साली मिळालेल्या जमिनीवर वसलेली ही अँग्लो-इंडियन लोकांची शांत वसाहत. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे शहराबाहेरचे गाव होते. मोकळी जमीन, रेल्वे आणि मद्रासचा रस्ता जवळ. मालासाठी यापेक्षा चांगली जागा कोणती?

पण १९९४ साली इथे संगणकाच्या उद्योगांसाठी 'आयटीपीएल' उभारायला सुरुवात झाली आणि गावाचे नशीब पालटले. कचेऱ्या आल्या, मागोमाग उंच इमारती, शाळा, मॉल. २०२३च्या मार्चमध्ये मेट्रो आली. तिचे शेवटचे स्थानक व्हाइटफील्ड-काडुगोडी. सत्यसाईबाबांचा 'वृंदावन' आश्रम जवळच. मेट्रोने इथवर येऊन आजूबाजूला पाहिले, की एका नजरेत तीन युगे दिसतात. जुन्या रेल्वेची, कंटेनरची आणि संगणकाची.

ही तिन्ही युगे एकाच रस्त्यावरून जायचा प्रयत्न करतात, तिथे खरी अडचण. शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी. त्यामुळे पश्चिमेच्या पीण्यातून पूर्वेच्या डेपोत जाणारा कंटेनर संध्याकाळपासून कडेला उभा राहतो आणि रात्री निघतो. नोकरदारांना कंटेनरचा त्रास, कंटेनरवाल्यांना नोकरदारांच्या गाड्यांचा. चूक कुणाचीच नाही. मालासाठी रस्ता, रेल्वे आणि मोकळी जमीन लागते. घरांसाठीही नेमके तेच लागते! म्हणून चांगली निवडलेली जागा शहराला हटकून आवडते.

गोदामे वेशीबाहेर

मुंबईकरांना हे नवे नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून भिवंडीत गोदामे वाढली. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, पण भिवंडी तशीच राहिली. बंगळूरला उलटे झाले. पूर्वी राज्याबाहेर माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागे. तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान लहान गोदाम ठेवीत. जीएसटीनंतर ही गरज संपली. मग थोडी पण अवाढव्य गोदामे सोयीची ठरू लागली आणि ती उभी राहिली शहराच्या वेशींवर.

या वेशी दोन. पूर्वेला होसकोटे, चेन्नईच्या वाटेवर. पश्चिमेला नेलमंगला, जिथे मुंबईचा आणि मंगळूरचा रस्ता वेगळा होतो. होसकोटे ते श्रीपेरुंबुदूर असा बंगळूर-चेन्नईचा नवा द्रुतगती मार्ग होत आहे. २०२२च्या मे महिन्यात त्याचा पाया घातला गेला आणि कर्नाटकातला टप्पा २०२४अखेर वाहनांना खुला झाला. पूर्ण झाल्यावर ट्रकचे काम आणखी सोपे होईल आणि रेल्वेचे आणखी अवघड.

नेलमंगलाच्या पुढे, तुमकूर रस्त्यावर दाबसपेट लागते. शिवगंगेचा डोंगर चढायला जाणारे हौशी लोक इथेच वळतात. याच परिसरात मुद्देलिंगनहळ्ळीला चारशे एकरांवर नवे मालकेंद्र उभारायचे २०२२ साली ठरले. अंदाजे खर्च १,७७० कोटी रुपये. दक्षिणेला हुबळी-मुंबईचा लोहमार्ग, उत्तरेला बंगळूरला दुरून वळसा घालणारा उपनगरी वर्तुळमार्ग, पूर्वेला औद्योगिक वसाहत. कागदावर पत्रिका उत्तम जुळते. वर्तुळमार्गाने शहरात न शिरता होसकोटे गाठता येते. रेल्वेने चेन्नईला जायचे, तर मात्र गाडीला बंगळूरच्या गर्दीतूनच वाट काढावी लागणार.

जमीन कुणाची?

प्रत्येक चांगली जागा ही आधीपासून कुणाची तरी असते. नाचणीचे शेत, द्राक्षाचा मांडव, तुतीचा मळा. विमानतळाजवळच्या देवनहळ्ळी तालुक्यात विमान उद्योगासाठी १,७७७ एकर जमीन घ्यायचे सरकारने ठरवले होते. तेरा गावांच्या शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले आणि २०२५च्या १५ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी तो बेत सोडल्याचे जाहीर केले. ते मालकेंद्र नव्हते, पण प्रश्न तोच होता. जागा निवडणाऱ्याच्या यादीत रस्ता, रूळ, पाणी, वीज सारे असते. तिथे राहणारा माणूस बहुधा शेवटच्या ओळीत असतो.

महाराष्ट्रातही जालना आणि वर्ध्याजवळच्या सिंदीला सुकी बंदरे उभी करण्याचे काम हाती घेतले गेले. त्यांच्यासाठी बंगळूरचा अनुभव कामाचा आहे. बंदर अंतर पाहून नव्हे, भरवसा पाहून निवडावे. परतीचे भाडे आधी शोधावे. आणि सुक्या बंदराभोवती घरे बांधण्याची परवानगी देताना चाळीस वर्षे पुढचा विचार करावा, कारण रूळ हलवता येत नाहीत.

बंगळूरला गेलात, तर एका दुपारी मेट्रोने काडुगोडीला जरूर जा. वीस-पंचवीस मिनिटे रुळांकडे बघत थांबा. एखादी लांबलचक मालगाडी पूर्वेकडे हलताना दिसेल. तिच्यावरच्या बंद कंटेनरात काय आहे ते कळणार नाही. कदाचित पीण्याचे शर्ट असतील, कदाचित ग्रॅनाइटच्या लाद्या. सील लागलेले असेल आणि समुद्र अजून साडेतीनशे किलोमीटर दूर असेल.